बसायची जागा सोबत घेऊन : सीटच्या वॉकरचा नऊ महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या वडगाव भागातल्या आमच्या घरापासून जवळच्या शहापूरच्या खडेबाजारापर्यंतचं अंतर मी गेली दोन वर्षं मिनिटांत मोजत नव्हते, कट्ट्यांत मोजत होते. पहिला शिंप्याच्या दुकानाचा कट्टा, मग एका बंद घराची पायरी, मग देवळासमोरचा पार. पायरीवर कुणी मोटारसायकल लावलेली दिसली की माझा जीव घाबरा व्हायचा, कारण तिथून पारापर्यंत माझे पाय पोचणार नाहीत हे मला ठाऊक असायचं.

माझं वय ६९. शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं. कंबर फारशी दुखत नव्हती, पण दोनशे-अडीचशे पावलं झाली की दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, मांड्या बधिर व्हायच्या. बसून जरा पुढे वाकलं की दोन मिनिटांत सगळं शांत. एमआरआय काढल्यावर कळलं की कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याजवळ नसांची नळी अरुंद झाली आहे. डॉक्टरांनी समजावलं ते मला फार उपयोगी पडलं. ताठ उभं राहिलं की ती जागा आणखी आवळते, पुढे झुकलं की थोडी मोकळी होते. म्हणून अशी माणसं नुसती चालताना थकतात, पण ढकलगाडीवर हात टेकून बरंच लांब जातात. ‘तुम्हाला नुसती काठी पुरणार नाही, टेकायला आणि बसायलाही काहीतरी पाहिजे,’ असं ते म्हणाले.

तरीही मी आधी काठीच घेतली, सीटची. घडी घातली की काठी, उघडली की तीन पायांचं छोटं स्टूल. ९५० रुपये, वजन किलोच्या आत, पिशवीसारखी हातात धरता येते. चाकांची गाडी घेऊन गल्लीतून जायचं माझ्या मनाला पटत नव्हतं, हेही खरं कारण होतं. ती काठी मी जेमतेम दीड महिना वापरली. तिच्यावर बसताना मूठ आपल्यासमोर ठेवून, दांडा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेऊन बसावं लागतं. नऊवारी सोडा, पाचवारीतही ते जमत नाही. निऱ्या दांड्यात अडकतात, त्या आवरायला हात सोडावा तर आधार जातो. शिवाय काठी उघडून ती स्टूल होईपर्यंतची ती आठ-दहा सेकंदं आपण कशाचाही आधार न घेता उभे असतो, आणि पाय भरून आलेल्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही. ज्यांचा तोल पक्का आहे, पण गुडघे दुखतात म्हणून रांगेत उभं राहवत नाही, पँट किंवा सलवार घालतात, त्यांना ती चांगली आहे. आमच्या ह्यांनी ती आता घेतली आहे आणि ते खूश आहेत.

मार्चमध्ये चार चाकांचा, सीटचा वॉकर घेतला. दुकानदार त्याला रोलेटर म्हणतात. ६,४०० रुपये, ॲल्युमिनियमचा, साडेसात किलो. लोखंडी दोन हजारांनी स्वस्त होता, पण तो उंबऱ्यावरून उचलताना माझा खांदा भरला, म्हणून सोडला. तीन चाकांचाही एक होता, वळायला फार छान, पण त्याला सीटच नसते.

घेण्याआधी मी दोनदा दुकानात गेले, याचा मला आजही आनंद आहे. पहिल्यांदा दाखवलेल्या वॉकरची सीट जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच होती. माझी उंची पाच फूट. बसल्यावर टाचा अधांतरी. पाय जमिनीला न लागता चाकांवरच्या सीटवर बसणं म्हणजे झोक्यावर बसणं. घरी येऊन सूनबाईने टेपने मोजलं. साध्या खुर्चीवर पावलं सपाट टेकवून बसायचं आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं. माझं आलं ४३. मग ४८ सेंटिमीटर सीटचा मिळाला. पायांत चप्पल असते, बसताना गुडघे जरा मोकळे राहिले तर उठायलाही सोपं जातं, म्हणून चार-पाच सेंटिमीटर जास्त चालतं. बुटक्या बायकांनी ही एक गोष्ट तरी नक्की बघावी, कारण दुकानात बहुतेक वॉकर उंच माणसाच्या मापाचेच ठेवलेले असतात.

मुठीची उंची फिजिओथेरपिस्टने बसवून दिली. रोजची चप्पल घालून, हात खाली सोडून सरळ उभं राहायचं. मनगटाची रेघ जिथे येते तिथे मूठ. मूठ धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं, तेवढंच पाहिजे. मी मध्ये शहाणपण करून मूठ एक भोक खाली केली, कारण जास्त वाकलं की पाय अजून हलके वाटतात. आठवडाभरात तळहातांना मुंग्या यायला लागल्या आणि वॉकर पुढे, मी मागे, अशी चाल झाली. परत वर केली. चालताना आपलं अंग मागच्या दोन चाकांच्या मध्ये राहिलं पाहिजे. गाडी पुढे पळाली की पडायची वेळ आलीच म्हणून समजा.

आता वापराबद्दल. पहिले आठ दिवस मी तिन्हीसांजेलाच बाहेर पडायचे. मग एका सकाळी भाजीवाल्याने, तो माझा जुना विद्यार्थी, लांबूनच हाक मारली, ‘बाई, गाडी आणलासा होय? मग बसा की, उभ्या का?’ मी तिथेच, वांग्यांच्या ढिगाशेजारी, ब्रेक लावून बसले. भाव केला, वांगी एकेक करून निवडली, चिल्लर मोजली. दोन वर्षांत पहिल्यांदा भाजी मी स्वतः निवडली होती, नाहीतर ‘दे बाबा काय असेल ते’ म्हणून निघायचे. त्या दिवसानंतर वेळ बघून बाहेर पडणं सुटलं.

मला सगळ्यात नवल याचं वाटतं की सीट मिळाल्यावर माझं बसणं कमी झालं. पूर्वी पुढचा कट्टा मिळेल की नाही या धास्तीने मी पाय थकायच्या आधीच बसून घ्यायचे. आता कुठेही बसता येतं म्हटल्यावर पाय बिनधास्त पुढे पडतात. खडेबाजारापर्यंत आधी चार वेळा बसायचे, आता एकदा, कधी एकदाही नाही.

पण बसण्याची शिस्त अंगात मुरायला मला एकदा पडावं लागलं. मे महिन्यात एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर, बोलता बोलता मी ब्रेक न लावता टेकले. वॉकर मागे सरकला आणि मी खाली. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टी होती. ब्रेकची मूठ वर ओढली की वेग कमी होतो, खाली दाबली की टक् आवाज होऊन चाक बंद होतं. दोन्ही बाजूंचा टक् ऐकायचा. मग वळायचं, पोटऱ्यांना सीट लागेपर्यंत मागे यायचं, मुठी धरून हळू बसायचं. उठतानाही पूर्ण उभं राहून तोल सावरल्यावरच ब्रेक सोडायचे. अजूनही मी टेकायला लागले की सून स्वयंपाकघरातून ओरडते, ‘आई, आधी ब्रेक!’

नातवाला मला बसवून ढकलायची फार हौस. ते कधीही करू देऊ नका. ही चाकाची खुर्ची नाही. पुढची चाकं लहान, एक खडा आडवा आला तरी माणसासकट पालथी होते.

चाकं माझी आठ इंची आहेत. सहा इंचांची घेतली असती तर आमच्या गल्लीत चाललीच नसती. गटारीवरच्या फरश्यांमध्ये बोटभर फटी असतात, त्यात लहान चाक जाऊन बसतं. आठ इंची चाकही सरळ नेलं तर अडकतं, म्हणून मी फट तिरपी ओलांडते. उंबरा किंवा पायरी आली की पुढची चाकं आधी उचलून वर ठेवायची, मग मागची. घरात मी तो वापरतच नाही. आमच्या न्हाणीघराचं दार दोन फुटांचं आणि वॉकर ६२ सेंटिमीटर रुंद. घरात भिंत आणि साधी काठी पुरते.

आमच्या भागाचीच एक गोष्ट सांगते. वडगावात घरोघरी माग. रस्त्यावर सुताचे तुकडे, रेशमाचे धागे पडलेले असतात. जुलैत पुढचं डावं चाक जड फिरायला लागलं. मला वाटलं बेअरिंग गेलं. वॉकर उलटा करून बघितलं तर आसाभोवती धाग्याचं बोटभर जाड कडं बसलेलं. जांभळा, हिरवा, जर, मध्ये माझेच केस, वर लाल मातीचा लेप. ब्लेडने एका बाजूने चिरलं आणि दाभणाने ओढून काढलं, मुठीत मावेल एवढा गुंता निघाला. आता दर अमावास्येला चाकं साफ करते, म्हणजे विसरत नाही. मागाच्या गल्लीत राहणाऱ्यांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी झाकण असलेला वॉकर मिळाला तर तोच घ्यावा.

पावसाळा मात्र कठीण गेला. आपल्याकडचा आषाढ म्हणजे दिवसचे दिवस धार. एका हातात छत्री धरून वॉकर चालत नाही, दोन्ही हात मुठींवरच लागतात. रेनकोट घेतला. मंगाईच्या यात्रेला गर्दीत वॉकर नेला नाही, चाकं लोकांच्या पायांवर जातात. आदल्या दिवशी पहाटेच जाऊन दर्शन घेतलं. ओल्या सीटवर बसायला एक प्लास्टिकची पिशवी कायम खालच्या झोळीत असते. त्याच झोळीत दोन किलो भाजी मावते, त्यापेक्षा जास्त घालू नये, वळताना ओढते. मुठींना पिशव्या तर अजिबात लटकवू नयेत.

चौथ्या महिन्यात उजवा ब्रेक ढिला पडला. दुकानात फोन केला तर ‘आणून ठेवा, आठ-दहा दिवस लागतील’. ब्रेकची तार सायकलसारखीच असते, म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेला. त्याने नट दोन आटे फिरवला, तार ताणली, चाक फिरवून दाखवलं. वीस रुपये. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, त्यात हे सगळं होतंच, पण मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. म्हातारी माणसं ते कशी वाचणार?

प्रवासाचं म्हणाल तर सीटच्या मधला पट्टा वर ओढला की दोन्ही बाजू जवळ येतात आणि वॉकर वीतभर रुंदीचा होऊन आपणहून उभा राहतो. रिक्षात पायांसमोर आडवा बसतो. माझं माहेर खानापूर. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून आम्हा बायकांना राज्यात साध्या सरकारी बसला तिकीट नाही, पण बसची पहिली पायरी अजून गुडघ्याएवढीच उंच. कंडक्टर किंवा कुणीतरी वॉकर वर घेतं, मी दांडा धरून चढते. एकटीने हे मी करत नाही.

पैशांचंही सांगते. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या शिबिरांतून फुकट मिळतात. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. माझी चंदगडकडची आतेबहीण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये घेऊन आली. वय ६५ आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, अशी अट आहे. ती योजना तिकडच्या रहिवाशांना, आम्हा कर्नाटकातल्यांना लागू नाही. नातं एकाच घरातलं, पाय दोघींचेही दुखतात, आणि मदत मात्र राज्यांच्या हद्दीवरच्या शिनोळीच्या नाक्यावर थांबते. याचं मला वाईट वाटतं.

कंपवाताच्या रुग्णांना असा साधा वॉकर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, तो त्यांच्या हातून पुढे पळतो. त्यांच्यासाठी मूठ दाबली तरच चालणारे, उलट्या ब्रेकचे वॉकर असतात. बोटांना संधिवात असेल तर दुकानातच ब्रेक दहा वेळा दाबून बघा. नुकतं खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना बहुतेक बिनचाकांचा, उचलून ठेवायचा वॉकरच सांगतात.

हा सीटचा वॉकर स्वीडनमधल्या आयना विफाल्क या बाईंनी १९७८ मध्ये काढला. त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. हे कळल्यावर मला वाटलं, बरोबर. चालता चालता मध्येच बसावं लागतं, हे ज्याला लागतं त्यालाच सुचणार.

नऊ महिन्यांत सीटच्या शिवणीवर एक चीर गेली आहे, मागच्या दोन स्क्रूंना गंज आहे आणि उजव्या मागच्या चाकाचं रबर आतल्या बाजूने जास्त झिजलं आहे, कारण उतारावर मी तोच ब्रेक जास्त ओढते. चाकांची जोडी मागवली आहे, साडेसहाशे रुपये. खानापूरच्या वहिनी संक्रांतीला येणार आहेत. त्यांचंही पाय भरून येण्याचंच दुखणं. त्यांना साडी नेसूनच यायला सांगितलं आहे, आणि टेप मी टेबलावर काढून ठेवली आहे.