तालुक्याची जिल्हा परिषद प्रशाला: पाचपैकी साडेतीन तारे

माझं तहसीलच्या रस्त्याला सेतूचं दुकान आहे. दाखले, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. जून लागला की अर्ध्या तालुक्याचे पालक समोरच्या बाकड्यावर बसलेले असतात आणि उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो, "ताई, तुमची लेक प्रशालेत आहे ना? टाकावं का पोराला?" लेक पाचवीपासून तिथंच आहे, यंदा नववीत. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते. शाळेचं नाव टाकत नाही, गावातल्यांना कळेलच.

पुण्याकडच्या पाहुण्यांना जिल्हा परिषदेचं हायस्कूल म्हटलं की नवल वाटतं. तिकडं हायस्कूल म्हणजे संस्थेचं. आपल्याकडं मराठवाड्यात निजामाच्या अमलात सरकारी हायस्कुलं होती, त्यांतली बरीच पुढं जिल्हा परिषदेकडं आली. आमचे आजोबा तर शेवटपर्यंत 'फोकानिया'च म्हणायचे, म्हणजे निजामाच्या काळातलं हायस्कूल. दगडी भिंती, उंच छत आणि मैदान ही त्या काळची कमाई. पत्र्याच्या तीन खोल्या आपल्या काळातल्या. एप्रिलमध्ये तिथं बसून दाखवा.

आता मुद्द्याचं. आठवीपर्यंत पुस्तकं सरकारची, दुपारचा भात सरकारचा, गणवेशही मिळतो. पोरगं नववीत गेलं की हे सगळं एकाच जूनमध्ये बंद. शिक्षणहक्काचा कायदा आठवीपर्यंतचाच, त्यामुळं शाळेला बोल लावून उपयोग नाही. पण वर्ष नेमकं कोणतं बघा. बीजगणित आणि भूमिती वेगवेगळी होतात, पोरांना मिसरूड फुटतं, पोरींसाठी स्थळं यायला लागतात, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले की कोयता धरायला पोरगं हाताशी आलेलं असतं. आमच्या भागात शाळा सुटते ती इथंच. दोनेक वर्षांपासून ही शाळा नेमकी नववीवर राबतेय, म्हणून मी तारे देतेय. डिजिटल फळ्यासाठी नाही. तो छान आहे, लाइट असली की चालतो.

पहिलं काम वाचनाचं. नववीतली काही पोरं जोडाक्षराला अडखळतात, हे कुणी उघड बोलत नाही. इथल्या मराठीच्या मॅडमनी बोलून दाखवलं, तेही पालकसभेत, पण कुणाचं नाव न घेता. मग आठवी-नववीची पोरं एकत्र करून, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणं गट पाडले. पहिल्यांदा हा ज्यादा तास शाळा सुटल्यावर ठेवला होता आणि तो सपशेल फसला. खेड्यावरच्या मुली मानव विकासच्या, म्हणजे सरकारनं शाळेच्या मुलींसाठी सोडलेल्या, निळ्या बसनं येतात. बस काही तासासाठी थांबत नाही, त्यामुळं ज्यांना गरज त्याच मुली गैरहजर. शेवटी ग्रंथालयाचा आणि कार्यानुभवाचा तास मोडून हा तास मधल्या वेळेत बसवला. काही पालकांनी कुरकुर केली, मला मात्र पटलं. कुलुपबंद कपाटाकडं बघत बसण्यापेक्षा बरं.

एकदा दाखले द्यायला गेले तेव्हा हा तास चालू होता. व्हरांड्यात माझ्यापेक्षा उंच एक मुलगा खताच्या रिकाम्या गोणीवरचा मजकूर मोठ्यानं वाचत होता. 'मिश्रखत'ला थांबला, 'विद्राव्य'ला पुन्हा थांबला. बाकीचे हसले नाहीत, कारण पुढची गोणी त्यांच्या हातात होती. गणितातही तसंच. ऋण संख्या उधारीच्या वहीवरून शिकवतात. माझ्या लेकीनं घरी येऊन माझीच वही उघडली आणि कोण किती ऋणात आहे ते वाचून दाखवलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं!

तब्येतीकडंही बघतात. दर सोमवारी आयर्न-फॉलिकची निळी गोळी मिळते, ती सगळ्याच सरकारी शाळांत मिळते. इथं ती आधी परिपाठानंतर द्यायचे. आठवीपर्यंतच्यांना दुपारी भात तरी आहे. नववी-दहावीच्या पोरी सकाळी चहा पिऊन आलेल्या, उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ. मग गोळ्या गटारीत जायला लागल्या. मॅडमच्या ते लक्षात आलं. आता मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर समोर गोळी घ्यायची, आणि डबा नसेल तर शेजारणीनं अर्धी भाकरी द्यायची असा वर्गाचा नियम केलाय. मुलींच्या संडासात पाणी असतं आणि आतून कडी लागते. हे लिहावं लागतं यातच सगळं आलं.

मनाच्या बाबतीत मात्र अर्धवट. भिंतीवर मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा फोन नंबर 14416 आणि अडचणीतल्या मुलांसाठी चाइल्डलाइनचा 1098 मोठ्या अक्षरांत रंगवलाय, दोन्ही फुकट. पण पोराच्या हातात फोन कुठाय? मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहे, तक्रारपेटीही आहे. पेटी लटकवली कुठं, तर मुख्याध्यापकांच्या दारासमोर. तिथं चिठ्ठी टाकायची हिंमत कोण करील? मी सभेत बोलले, पेटी मुलींच्या जिन्याखाली हलवा म्हणून. बघू म्हणाले. समुपदेशक असा वेगळा कुणी नाही, प्रशिक्षण घेतलेले एक सर आहेत. माणूस चांगला, पण इतिहासही तेच शिकवतात, जनगणना आणि निवडणूकही त्यांच्याच गळ्यात.

दीड तारा कापला तो इथं, आणि विज्ञानाच्या रिकाम्या जागेसाठी. विज्ञानाचे सर बदलून गेले, त्या जागी अजून कुणी नाही. शेजारच्या वर्गाचे सर येऊन पाठ वाचून दाखवतात. प्रयोगशाळेतली लिटमस पेपरची डबी माझ्या लग्नाआधीची असावी. आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे ही वाचनाची घडी एका मॅडमच्या जिवावर आहे. त्यांची बदली झाली तर तो तास राहील का, हे मुख्याध्यापकांना विचारलं, तर त्यांनी चहा मागवला.

इंग्रजी शाळेच्या फीशी तुलना करणाऱ्यांना सांगते, ती शाळा राज्य मंडळाची असेल तर दहावीला 80 ची लेखी आणि 20 ची तोंडी दोन्हीकडं मराठी विषयाला सारखीच असते. टाय बांधला म्हणून तोंडी सोपी जात नाही.

टाकायचं असेल तर पाचवीत किंवा आठवीत टाका. नववीत थेट आणलं तर पोराला गटात रुळायला वर्ष जातं. आठवीत असेल तर एनएमएमएसच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, त्यासाठी साडेतीन लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो शेवटच्या तारखेला मागायला येऊ नका, त्या दिवशी सर्व्हर हमखास बसलेला असतो. प्रवेशाला जाल तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारची झेरॉक्स न्या, आणि ऑफिसात बसण्याआधी मुलींच्या संडासाची कडी स्वतः लावून बघा.