दोषांचे आगाऊ गुण आणि वाटीभर चिंचोके: आठ महिन्यांचा अनुभव

ठाण्याच्या नौपाड्यातील एका मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही सहा जण ‘गर्प्स’ या भूमिका-खेळाची चौथी आवृत्ती खेळतो: प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो, प्रसंग आणि नियम सूत्रधार सांभाळतो. २००४ सालच्या या नियमावलीवर आम्ही १७३७ ची मोहीम बेतली आहे. मराठ्यांनी त्या वर्षी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, त्यामुळे नकाशासाठी फार लांब जावे लागले नाही. मोहिमेचा सूत्रधार मीच असल्याने पुढील मत सूत्रधाराच्या खुर्चीतून दिलेले आहे.

पात्राने एखादा दोष पत्करला की त्याबदल्यात पात्र घडवायचे जादा गुण मिळतात आणि ते अन्य कौशल्यांवर खर्च करता येतात, ही पद्धत १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या भूमिका-खेळापासून रूढ आहे. आमची पात्रे १०० गुणांची. दोषांतून जास्तीत जास्त ५० गुण घ्यायचे, असे आम्ही ठरवले होते. कागदावर हा सौदा चोख दिसतो. प्रत्यक्षात गुण पहिल्याच दिवशी पदरात पडतात आणि दंड मात्र सूत्रधाराच्या स्मरणशक्तीवर सोडलेला असतो. पाच पात्रांचे मिळून तेवीस दोष माझ्या वहीत होते. तिसऱ्या महिन्यात मोजले तेव्हा त्यांपैकी जेमतेम नऊ एकदा तरी खेळात उतरले होते.

सर्वांत ठळक उदाहरण आमच्या मुनशीचे. एक डोळा नसण्याचे १५ गुण घेऊन त्या खेळाडूने भाषा विकत घेतल्या. या दोषाचा दंड लढताना चपळाईवर उणे १ आणि दूरच्या माऱ्यावर उणे ३ असा आहे, आणि मुनशी तर कधी दप्तर सोडून उठतच नाही. यात लबाडी नव्हती, नियमाला धरूनच सारे झाले होते. पण दोष आणि पात्राचे रोजचे काम यांची गाठ पडते की नाही, हे सूत्रधाराने सुरुवातीलाच तपासायला हवे होते. ती चूक माझी.

याउलट लोभ, संताप यांसारखे स्वभावदोष या पद्धतीत उत्तम चालतात, कारण त्यांना संयमाचा आकडा जोडलेला असतो. आकडा १२ असेल तर तीन फाशांची बेरीज १२ किंवा कमी आल्यास पात्र स्वतःला आवरते, म्हणजे सुमारे ७४ टक्के वेळा. आकडा ९ घेतला तर हेच प्रमाण ३७.५ टक्क्यांवर येते आणि दोषाची किंमत दीडपट होते. चौथ्या महिन्यात आमच्या लोभी शिलेदाराने चर्चमधील चांदीची समई पाहिली, फासे टाकले आणि बेरीज आली १३. समई अंगरख्यात गेली. त्याच रात्री खाडीतून दबकत जाणाऱ्या होडीत ती त्याच्या कट्यारीवर खणकन आपटली आणि पहारा जागा झाला. खेळाडू कपाळाला हात लावून हसत होता. चोरी करावी की नाही हे त्याला विचारले असते, तर त्याने शहाण्यासारखे ‘नाही’च म्हटले असते.

सहाव्या महिन्यापासून शारीरिक दोष आणि शत्रू, कर्ज, शपथ अशा बाबींसाठी आम्ही ‘फेट’ या दुसऱ्या भूमिका-खेळातील पद्धत उसनी घेतली. सूत्रधार दोष पुढे करून अडचण सुचवतो. ती स्वीकारली तर खेळाडूला एक चिंचोका मिळतो, नाकारायची असेल तर स्वतःचा एक मोजावा लागतो. सुरुवातीला प्रत्येकी तीन. चिंचोका खर्चून नको असलेले फासे पुन्हा टाकता येतात, ही सोयही तिथलीच. फरक लगेच जाणवला: खेळाडू स्वतःच आपल्या दोषाची आठवण करून देऊ लागले, माझी वही मिटली. मात्र अडचण सुचवली की दोन मिनिटे घासाघीस होते आणि ऐन हल्ल्याच्या वेळी ती रसभंग करते. त्यामुळे स्वभावदोष मी फाशांवरच ठेवले आहेत.

मुनशीचे १५ गुण आम्ही परत घेतलेले नाहीत. त्याच्या वाटीत आता एकही चिंचोका उरलेला नाही, आणि येत्या रविवारी त्याला हलत्या होडीतून बंदूक झाडायची आहे.