ट्रकच्या रेडिएटरचा नवा कोअर, महागडं कूलंट आणि १४० रुपयांचं झाकण : आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात लिहायला बसलो असतो तर या कूलंटला (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) पाचपैकी दोन दिले असते. तेव्हा चिडलो होतो आणि चूक माझीच होती, ते पुढे येईलच.

गाडी २००८ ची, सहा चाकी. भिवंडीची गोदामं ते मशीद बंदर हा रोजचा फेरा, आणि आठवड्यातून दोनदा नाशिक. रेडिएटर मूळचाच, तांब्या-पितळेचा. गेल्या मे महिन्यात लाद्या भरून कसारा घाट चढताना काटा लाल पट्ट्याला टेकला. आमचे ड्रायव्हर मामा म्हणाले, "ऊन आहे मालक, उतरेल." ते खरं मानून मी तीन आठवडे काढले, कारण ते खरं मानणं फुकट होतं. मग एका दुपारी घाटातच वाफेचा फवारा उडाला. मामांनी इंजिन गार होऊ दिलं, गळती बुजायला रेडिएटरमध्ये हळदीची पुडी ओतली आणि गाडी नाशिकला पोचवली. रस्त्यावर अडकलेल्याला हळद तारते, पण नंतर ती आतच बसते.

मुंबईत आल्यावर पैसे वाचवायला फ्लशची, म्हणजे रेडिएटर आतून धुवायच्या औषधाची, बाटली आणली आणि सांगितल्याप्रमाणे वापरली. खालून चहाच्या चोथ्यासारखं पाणी आलं. मी खूश! दुसऱ्या दिवशी कोअर, म्हणजे रेडिएटरचा मधला नळ्यांचा भाग, चार ठिकाणी ठिबकत होता. बाटलीवाल्याला शिव्या घालत वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसजवळ रेडिएटरवाल्या चाचांकडे गेलो. ते हसले. "साब, चूने ने ही पकड के रखा था."

चाचांनी वरच्या टाकीचा डाख तापवून सोडवला तेव्हा समजलं. गीझरच्या कॉइलवर धरतो तसला पांढरट थर, त्यात हळदीची पिवळी पुटं, आणि निम्म्या नळ्यांची तोंडं बंद. आधी रॉडिंग करून बघितलं, म्हणजे नळ्यांतून पट्टी घालून खरवडणं. आतून इतक्या गंजून पातळ झाल्या होत्या की तीन तिथेच फाटल्या. जुन्या टाक्यांना नवा तांब्याचा कोअर, ११,५०० रुपये. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर स्वस्तात मिळत होता. पण तांब्या-पितळेला पुढेमागे डाख देता येतो, रॉड घालता येतो. कोअर बसवण्याआधी इंजिनच्या ब्लॉकचा प्लग काढून तोही पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून घेतला. नाहीतर ब्लॉकमधला गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसतो. जे पाणी काढलं ते कॅनमध्ये भरून ठेवलं. कूलंट गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. गटारात सोडू नका.

हा चुना आला कुठून? मुंबईच्या नळाचं पाणी भातसा-तानसा-वैतरणेचं, तसं मऊच. घरच्या किटलीला वर्षभरात फारसं काही धरत नाही. पण गाडी पाणी पिते भिवंडीच्या बोअरवेलचं आणि ढाब्यावरच्या टाकीचं, जिथे साबणाला फेस येत नाही. पाण्यात विरघळलेला चुना तापला की सुटतो आणि इंजिनच्या सगळ्यात गरम जागी चिकटतो. पाणी उडून जातं, तो राहतो. आपण वरून पुन्हा पाणी घालतो, म्हणजे चुन्याचा नवा हप्ता. मामांचा प्रश्न होता, "पिण्याचं पाणी आहे, रेडिएटरला का चालत नाही?" म्हटलं, मामा, आपण प्यायलेलं बाहेर जातं.

गंजाचं दुखणं वेगळं. ब्लॉक बिडाचा, नळ्या पितळेच्या, डाख कथील-शिशाचा, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) घर ॲल्युमिनियमचं. सगळे एकाच पाण्यात म्हणजे घरचीच बॅटरी. कूलंटमधली गंजरोधक रसायनं ते रोखतात आणि रोखता रोखता संपतात, म्हणून मुदत. "हिरवं घेऊ की लाल" असं विचारणाऱ्यांना सांगतो, रंग हा नुसता रंग आहे. डब्यावरची माहिती वाचा. मी कॉन्सन्ट्रेट घेतलं, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. मुंबईत बर्फ पडत नाही, पाणी गोठायची भीती नाही, हे मला माहीत आहे. पण पाणी जास्त घातलं की गंजरोधकही तेवढंच पातळ होतं.

आता भांडण. सप्टेंबरपासून आठवड्याला अर्धा लिटर कूलंट कमी व्हायला लागलं. लिटरला साडेतीनशे रुपये मोजून! दुकानदाराशी वाजलं, हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिकडून एकच उत्तर, "सर, लीकेज चेक करा." कोअर कोरडा, होस (रबरी नळ्या) कोरडे, जमिनीवर थेंब नाही. म्हटलं, हे कूलंट उडूनच जातं, सरळ फसवणूक आहे.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे बॉनेट उघडलं तर वरचा होस पिचकलेला, टूथपेस्टची ट्यूब पिळल्यासारखा. शेजारची, उतू गेलेलं कूलंट साठवायची बाटली काठोकाठ, आणि रेडिएटर मात्र रिकामा. जुनं झाकण! नवा कोअर बसवताना चाचा म्हणाले होते, "ढक्कन नया डालो." मी म्हटलं, आहे ते चालेल. साडेअकरा हजार दिल्यावर १४० रुपये वाचवले.

झाकणात दोन झडपा असतात. गरम झाल्यावर दाब वाढला की वरची उघडते आणि कूलंट बाटलीत जातं. गार झाल्यावर मधली छोटी उघडते आणि तेच परत ओढून घेते. माझी छोटी झडप चुन्याने चिकटली होती. रोज कूलंट बाटलीत जायचं, परत यायचं नाही, मग बाटली भरून रस्त्यावर. होस पिचकायचा तो आतल्या पोकळीने. आणि झाकणाचा दाब फुकटचा नाही. ०.९ बार धरला तर साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की ते सगळं गेलं. जास्त दाबाचं झाकण मात्र लावू नका, गाडीला जेवढं सांगितलंय तेवढंच.

नवं झाकण लावल्यापासून तीन महिन्यांत पाव लिटरही घातलेलं नाही. कूलंट बिचारं निर्दोष होतं. पाचपैकी चार. एक कापला तो कॅनमुळे. मापाच्या खुणा नाहीत आणि आतलं सील पक्कडशिवाय निघत नाही. मामांच्या सीटखाली आता डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन असतो, आणि ढाब्याच्या पाण्याला हात लावायचा नाही हे त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

एक काम राहिलंय. कुठल्यातरी मेकॅनिकने "गाडी गार राहील" म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. त्यामुळे इंजिन वेळेवर तापत नाही आणि डिझेल जास्त खातं. पुढच्या आठवड्यात नवा बसवतोय. नाशिकच्या चार फेऱ्या झाल्या की डिझेलच्या लिटरला किती किलोमीटर पडतात ते लिहीन.