मीटर खरं सांगत होतं

गॅरेज आवरायला काढलं होतं. सामान आत-बाहेर करताना शटर सात-आठ वेळा वर-खाली झालं आणि मग अर्ध्यावरच थांबलं. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही.

उघड्या गॅरेजची धास्ती घेऊन जो पहिला नंबर सापडला तो फिरवला. मिस्त्री दहा मिनिटांत हजर. (एवढ्या लवकर आला याचं तेव्हा कौतुक वाटलं होतं.) त्याने वीज बंद केली, झाकण काढलं, मल्टीमीटरच्या पिना एकमेकींना टेकवून बीप ऐकवला आणि मग त्याच पिना मोटरच्या वायरींना लावल्या. मीटर गप्प. "बघा साहेब, कंटिन्युटीच नाही. वाइंडिंग जळालं." (कंटिन्युटी म्हणजे विजेला जायला अखंड वाट, वाइंडिंग म्हणजे मोटरच्या आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी.)

डोळ्यांसमोर दाखवल्यावर शंका कशाची घ्यायची? हाताच्या साखळीने त्याने शटर खाली घेतलं, तेव्हा तो चांगलाच घामाघूम झाला. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. मोटर घेऊन गेला, दोन दिवसांनी रिवाइंडिंग करून, म्हणजे नवी तार गुंडाळून, म्हणून आणली. काळा रंग चकचकीत. पैसे रोख घेतले, पावती "नंतर देतो".

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. शटर चार-पाचदा चाललं, थांबलं, बटण मेलं. या वेळी शेजारच्या काकांना हाक मारली, त्यांची हयात मोटरी भरण्यात, म्हणजे रिवाइंडिंगच्याच कामात गेली आहे. त्यांनी कुठलंही हत्यार काढलं नाही. नुसता मोटरवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. म्हणाले, "आता अर्धा तास बटणाला हात लावू नकोस."

अर्ध्या तासाने शटर काहीच झालं नसल्यासारखं वर गेलं.

प्रकार असा होता. घरगुती शटरची मोटर तासन्‌तास चालायला बनवलेली नसते. शटर ज्या नळीवर गुंडाळलं जातं तिच्या आत बसणाऱ्या मोटरी तर सलग साधारण 4 मिनिटांसाठीच असतात. त्यापुढे ती तापली की आतला थर्मल स्विच उघडतो, वाइंडिंग वाचावं म्हणून. हा स्विच वाइंडिंगच्याच वाटेवर जोडलेला असतो. त्यामुळे गरम असताना मीटर लावला तर वाट तुटलेलीच दिसणार, आणि मोटर निवली की स्विच आपोआप जुळणार. म्हणजे त्या माणसाने मला मीटरवर खोटं काहीच दाखवलं नव्हतं. खोटा होता तो त्याने काढलेला अर्थ. याचाच राग अजून जात नाही.

काकांनी झाकण उघडलं. आत जुनीच तांब्याची तार, तिच्यावर जुनाच तपकिरी वार्निश, फटीफटीत वर्षांची धूळ. नवा होता तो फक्त बाहेरचा रंग. "वाइंडिंग जळालं असतं तर त्या वासाने तुला आधी गॅरेजबाहेर काढलं असतं," ते म्हणाले. मोटर भरून दिली की जुनी जळकी तार मागून घ्यायची, आणि मोटर बाहेर जाण्याआधी तिच्यावर कुठेतरी आडोशाला ओरखडा काढून ठेवायचा, हे त्यांनीच सांगितलं. आणि मीटर लावायचाच असेल तर मोटर थंड झाल्यावर परत एकदा लावायला सांगायचं. घाई करणारा मिस्त्री तिथेच कळतो.

खरा दोष मात्र माझ्याच हातचा होता. बाजूच्या खाचांमध्ये मी दरवर्षी भरभरून ग्रीस थापत होतो. त्यात धूळ बसून त्याचा दगड झाला होता, आणि प्रत्येक फेरीत मोटर तो दगड ओढत होती. साखळी जड होती ती म्हणूनच. एक दुपार खाचा खरवडण्यात गेली, वर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा मारला. आता साखळी एका हाताने ओढली जाते.

मिस्त्रीला फोन केला. आवाज ओळखून त्याने विचारलं, "काय साहेब, परत बंद पडली का? लगेच येतो."