बाळंतपणानंतरची शुगर टेस्ट घरी करून घेतली: सॅम्पल घेणारा मुलगा एक नंबर, रिपोर्टमध्ये घोळ

प्रेग्नन्सीत मला शुगर निघाली होती. डिलिव्हरीनंतर ग्लुकोमीटरवर सगळं नॉर्मल दिसायला लागलं आणि घरात विषय संपला. पण डॉक्टरीणबाईंनी डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं, ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅम जीटीटी (उपाशीपोटी आणि मग ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघायची टेस्ट), कारण अशा बायकांना पुढे डायबिटीस व्हायची शक्यता बाकीच्यांपेक्षा ७ ते १० पट. बाळाच्या ६ आठवड्यांच्या इंजेक्शनची तारीख सगळ्यांना पाठ, माझी टेस्ट मलाच आठवली.

फोंड्यातला पाऊस, तान्हं बाळ, लॅबमध्ये दोन तास कोण बसणार, म्हणून घरी येणारी लॅब बघितली (नाव देत नाही). फोनवरची मुलगी ऐकेचना, "मॅडम एचबीएवनसी करा ना, उपाशी पण राहावं लागत नाही." अगं बाई, ती गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, बाळंतपणात रक्त जातं, इतक्यात तो आकडा भरवशाचा नसतो. तीन फोन झाल्यावर बुकिंग झालं, आणि घरी यायचे २०० वेगळे हे सगळ्यात शेवटी सांगितलं.

आलेला मुलगा मात्र खरंच चांगला. सातला म्हणजे सातला दारात, सुई टोचलेली कळली पण नाही. मग ग्लासभर पाण्यात ग्लुकोज, इतकं गोड की घशाखाली उतरेना, ते पाच मिनिटांत संपवायचं आणि पुढे दोन तास काही न खाता एका जागी बसायचं. एका जागी! बाळ घरात असताना! तेवढ्यात सासूबाई तिझनाची (नाचणीच्या खिरीची) वाटी घेऊन हजर, तर यानेच हसत सांगितलं, "मावशी, नऊ वाजून गेल्यावर द्या." दुसऱ्या सॅम्पलला पण बरोबर वेळेवर आला.

संध्याकाळी व्हॉट्सअपवर रिपोर्ट. उपाशी ९०, दोन तासांनी १४८, कुठेही लाल खूण नाही. मी खुश, सासूबाईंनी मेथीच्या लाडवांचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं तर लॅबने प्रेग्नन्सीची रेंज छापलेली, त्यात १५३ च्या आत चालतं. बाळंतपण झाल्यावर १४० च्या आत हवी, १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या अलीकडची पायरी. नुसती उपाशीपोटीची केली असती तर हे कळलंच नसतं. लॅबला फोन केला तर "सिस्टिममध्ये तसंच येतं मॅडम", रिपोर्ट बदलून दिला पण सॉरी नाही.

तीन स्टार, त्यातले अडीच त्या मुलाचे. पुढच्या वर्षी परत टेस्ट आहे, तोच येणार असेल तर यांच्याकडेच करीन, फोन मात्र नवऱ्याने करायचा.