अग्रिम द्यावा की थेट पेमेंट करावं? प्रादेशिक कार्यालयातल्या पैशाच्या दोन वाटा

संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेत कार्ययोजना मंजूर आहे, अवॉर्डवर (देणगीदाराच्या निधीच्या खात्यावर) पैसे आलेले आहेत आणि आरोग्य मंत्रालयामार्फत जिल्ह्यांत लसीकरण मोहीम किंवा प्रशिक्षणं व्हायची आहेत. पैसा तिथवर न्यायचा कसा? मंत्रालयाला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन त्यांच्याकडून हिशेब घ्यायचा, की काम मंत्रालयाने करायचं आणि पैसे आपण थेट लसटोचक, प्रशिक्षणार्थी, वाहनमालक यांच्या खात्यावर टाकायचे? तिसरी वाट म्हणजे खर्चानंतर भरपाई. कागदावर ती सगळ्यांत सुरक्षित दिसते. पण आधी खर्च करायला ज्या मंत्रालयाकडे स्वतःचा पैसा असतो त्याला मोहिमेसाठी आपली गरज सहसा पडत नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो.

नावं संस्थेनुसार बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेत सरकारला दिलेल्या अग्रिमाला थेट आर्थिक सहकार्य म्हणतात. युनिसेफ, यूएनडीपी (विकास कार्यक्रम) आणि यूएनएफपीए (लोकसंख्या निधी) या संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भागीदारांना रोख रक्कम देण्याच्या ‘हॅक्ट’ नावाच्या सामाईक चौकटीत काम करतात. तिथे अग्रिम, भरपाई आणि थेट पेमेंट असे तिन्ही पर्याय निधी मागण्याच्या आणि खर्च दाखवण्याच्या एकाच ‘फेस’ फॉर्मवरून मागवता येतात. नियमांच्या तपशिलात फरक आहे, दुखणी मात्र सारखीच.

अग्रिमाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. एक करारपत्र, एक पेमेंट, एक अहवाल. चाळीस जिल्ह्यांतल्या काही हजार माणसांचे भत्ते असोत की एका राष्ट्रीय बैठकीचा खर्च, आपल्या टेबलावर कागद तेवढेच. मंत्रालयाची स्वतःची यंत्रणा चालते, त्यांच्या लेखाधिकाऱ्यांना काम येतं आणि काम आपलं आहे ही भावना टिकते. आता हात कमी आहेत हेही खरं. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने 2026–27 साठी 4.2 अब्ज डॉलरचं मूळ बजेट मंजूर केलं. त्याआधीचा प्रस्ताव 5.3 अब्जांचा होता. अशी कात्री लागली की देश कार्यालयातली वित्त सहायकाची जागा आधी जाते. थेट पेमेंटच्या याद्या कोण तपासणार, हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे.

अग्रिम वेगवान असतो, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. आपल्या खात्यातून पैसा लवकर निघतो, त्यापुढचा प्रवास आपल्या हातात नसतो. मंत्रालय, मग प्रांत, मग जिल्हा. प्रत्येक टप्प्यावर वेगळी सही, वेगळं खातं. जिथे सरकारचं एकच कोषागार खातं आहे तिथे आपली रक्कम इतर सरकारी पैशात मिसळते आणि ती बाहेर काढायला अर्थखात्याची परवानगी लागते. लस शीतसाखळीत तयार असते आणि भत्त्याचा पैसा प्रांतात अडकलेला असतो, हे चित्र अनेकांना ओळखीचं असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. माझा कल ठरवला तो अखर्चित रकमेने. अफरातफर किंवा बनावट व्हाउचर ही मोठी संकटं आहेत, पण ती क्वचित येतात आणि त्यांच्यासाठी लेखापरीक्षण आहे. अखर्चित रक्कम जवळजवळ प्रत्येक अग्रिमात उरते, कारण हजेरी कधीच शंभर टक्के नसते. ती बहुतेकदा लहान असते आणि ती परत आणण्याचा खटाटोप मोठ्या रकमेइतकाच असतो.

हे घडतं कसं ते आकड्यांत पाहू. समजा अग्रिम 50 लाख स्थानिक चलनाचा आहे आणि त्या महिन्याचा संयुक्त राष्ट्रांचा कार्यकारी विनिमय दर डॉलरला 100 आहे. आपल्या वहीत 50,000 डॉलर खर्च पडला. काम झालं, 45 लाख खर्च झाले, 5 लाख उरले. परतावा सात-आठ महिन्यांनी येतो, तेव्हा दर 125 झालेला असतो. 5 लाखांचे 4,000 डॉलर जमा होतात. भागीदाराचा, म्हणजे मंत्रालयाचा, अहवाल म्हणतो, नव्वद टक्के खर्च झाला, म्हणजे 45,000 डॉलर. आपली वही म्हणते 46,000. कोणाचीच चूक नाही, पण देणगीदाराच्या अंतिम अहवालात हा हजार डॉलरचा फरक समजावून सांगावा लागतो. शिवाय संस्थेच्या प्रशासनासाठी खर्चाच्या प्रमाणात आकारला जाणारा कार्यक्रम साहाय्य खर्च, जो जागतिक आरोग्य संघटनेत ऐच्छिक निधीवर प्रमाणित दराने 13 टक्के आहे, तोही परताव्याबरोबर उलटा फिरवावा लागतो.

हे झालं अवॉर्ड अजून उघडा असताना. खरा त्रास परतावा अवॉर्ड बंद झाल्यावर येतो तेव्हा सुरू होतो. जिथे रक्कम देताक्षणी खर्च म्हणून नोंदली जाते तिथे वही स्वच्छ दिसते, अंतिम आर्थिक अहवाल जातो, आणि मग बँकेत कुठूनतरी एक रक्कम येऊन पडते. तिच्यावर करार क्रमांक नसतो, पाठवणाऱ्याच्या जागी फक्त कोषागाराचं नाव असतं. ती कोणाची हे शोधायचं, बंद अवॉर्ड पुन्हा उघडायला मुख्यालयाला विनंती करायची, अहवाल सुधारून पाठवायचा, देणगीदाराला विचारायचं की पैसे परत हवेत की दुसरीकडे वळवू. या सगळ्यात जाणारा वेळ त्या रकमेहून महाग पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातला सगळ्यांत चिवट भाग असा की तोवर पुढचा अग्रिम अडतो. जागतिक आरोग्य संघटनेत काम संपल्यावर तीन महिन्यांत अहवाल यायला हवा आणि थकीत अहवाल असलेल्या भागीदाराला नवा अग्रिम मिळत नाही. हॅक्टमध्ये अग्रिम साधारण तीन महिन्यांच्या खर्चापुरता देतात आणि सहा महिन्यांहून जुना हिशेब बाकी असेल तर पुढचा हप्ता थांबतो. नियम योग्यच आहेत. पण मंत्रालयाने पंचाण्णव टक्के व्हाउचर दिलेली असतात आणि उरलेला परतावा अर्थखात्याच्या टेबलावर पडून असतो. आपल्या यादीत ते मंत्रालय लाल रंगात दिसतं आणि पुढची मोहीम खोळंबते. मग कोणीतरी सुचवतं की उरलेली रक्कम ‘तशाच स्वरूपाच्या’ कामावर खर्च झाल्याचं दाखवा. इथून पुढे लेखापरीक्षकाचा आक्षेप फार लांब नसतो.

थेट पेमेंटमध्ये हा प्रश्न जन्मालाच येत नाही. एकूण अंदाजित रक्कम खरेदी आदेशावर बांधून ठेवायची, काम झालं की प्रत्यक्ष हजेरीप्रमाणे पैसे द्यायचे आणि शेवटी आदेश बंद करायचा. उरलेली बांधील रक्कम त्याच दिवशी त्याच अवॉर्डवर मोकळी होते. परतावा नाही, दुसरा विनिमय दर नाही, 13 टक्क्यांची उलटी नोंद नाही. अवॉर्ड संपायला दोन महिने असतील तरी ती रक्कम दुसऱ्या कामाला लावता येते. अग्रिमात ते शक्य नसतं, कारण किती उरलंय हेच तेव्हा माहीत नसतं.

पण थेट पेमेंट सोपं आहे असं समजून कोणी त्यात उतरू नये. तिथला सगळा भार यादीवर आहे. ओळखपत्रावरचं नाव आणि मोबाइल वॉलेटवरचं नाव जुळत नाही, कारण सिमकार्ड भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतं. वॉलेटची कमाल मर्यादा ओलांडली की व्यवहार नाकारला जातो. मोहिमेच्या सकाळी तीन माणसं बदलतात आणि बदली माणसांची नोंदच नसते. यादी एक्सेलमध्ये फिरत असेल तर फोन नंबराच्या सुरुवातीचा शून्य गायब होतो, आणि हे कोणाच्या लक्षात येतं तोवर अर्धा गठ्ठा नाकारला गेलेला असतो. नंबराचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा.

म्हणून यादी मोहिमेच्या किमान तीन आठवडे आधी गोठवावी, असं माझं मत. बदली माणसांची वेगळी पुरवणी यादी आधीच नोंदवून ठेवावी, मूळ संख्येच्या साधारण दहा टक्के. पैसे पाठवण्याआधी ऑपरेटरकडून नावांची पडताळणी करून घ्यावी; न जुळलेली नावं जिल्ह्याकडे परत पाठवावीत, आपण अंदाजाने दुरुस्त करू नयेत. यादी करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा ही तीन वेगळी माणसं हवीत, आणि हजेरीपत्रकावर रोजची सही हवी. शेवटच्या दिवशी एकदम केलेल्या पाच सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या असतात आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. व्यवहार शुल्कासाठी बजेटमध्ये वेगळी ओळ ठेवावी. ते भत्त्यातून कापलं गेलं की तक्रार आपल्याकडेच येते.

दुकानदार आणि हॉटेलांच्या बाबतीत वेगळी अडचण आहे. नवा पुरवठादार प्रणालीत नोंदवण्याचं काम बहुधा केंद्रीय सेवा केंद्राकडे असतं आणि बँकेच्या पत्राशिवाय ते पुढे सरकत नाही. तालुक्याच्या ठिकाणचा जेवण पुरवणारा असं पत्र आणेलच असं नाही. अशा वेळी जिल्हा पातळीवरचा एकच पुरवठादार घेऊन त्याच्याशी अनेक ठिकाणांचा एक करार केलेला बरा.

वर्षअखेरीला थेट पेमेंट जास्त दमवतं, हे मान्य करायला हवं. आयपीएसएएस (सार्वजनिक क्षेत्राची आंतरराष्ट्रीय लेखामानकं) पद्धतीत डिसेंबरात झालेलं काम डिसेंबरचा खर्च असतो, पैसे जानेवारीत गेले तरी. म्हणजे 31 डिसेंबरला प्रत्येक उघड्या आदेशासमोर बसून, किती काम झालं याचा पुरावा घेऊन देय रकमेची नोंद करायची. अग्रिम नोव्हेंबरात देऊन मोकळं होण्याचा मोह याच वेळी होतो. द्विवर्षाच्या, म्हणजे दोन वर्षांच्या बजेट काळाच्या, शेवटी तर हमखास. खर्चाची टक्केवारी छान दिसते. पण तेच अग्रिम पुढच्या द्विवर्षात थकीत यादीत वर येतात, हे प्रादेशिक कार्यालयात बसून देशांच्या याद्या पाहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

अग्रिमच द्यावा अशी ठिकाणं आहेतच. जिथे मोबाइलचं जाळं नाही आणि बँकेची शाखा दिवसभराच्या अंतरावर आहे. जिथे उद्रेक सुरू आहे आणि तीन आठवडे आधी यादी गोठवणं हा विनोद ठरेल. जिथे खर्च इंधन, नावा, किरकोळ दुरुस्ती असा विखुरलेला आहे. आणि जिथे भागीदाराचा हिशेब वेळेवर येतो. भागीदाराची आर्थिक व्यवस्था तपासणाऱ्या सूक्ष्म मूल्यांकनात जोखीम कमी निघाली असेल आणि मागचे दोन-तीन अहवाल मुदतीत असतील, तर तिथे पद्धत बदलून चांगल्या भागीदाराला नाराज करण्यात अर्थ नाही.

बाकी ठिकाणी मी भत्ते थेट पेमेंटवर आणि स्थानिक किरकोळ खर्च छोट्या अग्रिमावर, असा करार सुचवेन. माणसांचे भत्ते हाच सहसा मोहिमेतला मोठा भाग असतो आणि अखर्चित रक्कमही तिथेच उरते. तो भाग बाहेर काढला की उरलेला अग्रिम लहान होतो. त्याच्या करारात तीन गोष्टी आवर्जून लिहाव्यात. कामाची शेवटची तारीख अवॉर्ड संपण्याच्या किमान पाच महिने आधीची: तीन महिने अहवालाला, एक परताव्याला, एक तपासणीतल्या त्रुटी दुरुस्त करायला. परतावा कोणत्या खात्यात, कोणत्या चलनात. आणि भरण्याच्या पावतीवर करार क्रमांक लिहिलेला हवा. कोषागाराच्या पावतीवर संदर्भासाठी जागा थोडी असते, म्हणून तिथे मावेल असा आखूड क्रमांक आपणच ठरवून द्यावा.