थेंब, मलम की जेल? डोळ्यात औषध टिकवायचं कसं

डॉक्टरांनी "दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा" असं लिहून दिलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकदाच घालून दिवसभर काम करेल असं काही मिळत नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र उत्तर डोळ्याला नेमकं काय झालंय यावर ठरतं.

आधी अडचण समजून घेऊ. डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, तर बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात एवढी जागाच नसते. काही औषध गालावर ओघळतं, काही नाकात उतरतं (घशात कडू चव येते ती त्यामुळेच) आणि उरलेलं नवे अश्रू काही मिनिटांत धुऊन नेतात. डोळ्याच्या आत पोहोचतं ते पाच टक्क्यांहूनही कमी. औषध धरून ठेवणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला तो यासाठीच.

त्यात सर्वांत जुनं मलम. व्हॅसलीनसारख्या स्निग्ध पदार्थात औषध मिसळलेलं असल्याने ते अश्रूंबरोबर पटकन वाहून जात नाही. स्वस्त आहे, औषधाच्या दुकानात सहज मिळतं. लहान मूल रडून थेंब बाहेर काढतं, त्याच्यासाठी मी मलमच निवडेन. दोष एकच, पण मोठा: नजर धूसर होते. गाडी चालवणाऱ्याला किंवा शिवणकाम करणाऱ्याला ते दिवसा चालणार नाही, रात्री झोपताना उत्तम.

जेलची कल्पना मला सर्वांत आवडते. पोलोक्सॅमर नावाचा पदार्थ थंड असताना पातळ असतो आणि डोळ्याच्या उबेने घट्ट होतो. जेलन गम हा डिंकासारखा पदार्थ अश्रूंमधल्या क्षारांमुळे गोठतो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानवर धन विद्युतभार असतो, म्हणून डोळ्यावरच्या ऋणभारित चिकट थराला ते धरून राहतं. यातलं बरंच काम अजून प्रयोगशाळेत आहे, पण पॉलिकार्बोफिल या चिकट पदार्थात मिसळलेल्या १ टक्का अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या थेंबांना अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. डोळे आल्यावर ते पहिले दोन दिवस दोनदा आणि पुढचे पाच दिवस एकदा घालायचे, म्हणजे आठवडाभरात ९ थेंब. तिथेच मान्य असलेले मॉक्सिफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचे साधे थेंब दिवसातून तीनदा सात दिवस, म्हणजे २१. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईला विचारा, हा फरक केवढा आहे!

कोलॅजनचं कवच हा जरा वेगळा प्रकार. औषधात भिजवलेली ही पातळ चकती बुबुळावर बसवली की प्रकारानुसार १२ ते ७२ तासांत विरघळते. पण ती बसवायला डॉक्टरच लागतात, नजर धूसर होते आणि चकती निसटूही शकते. औषधात भिजवलेल्या साध्या कॉन्टॅक्ट लेन्सचं दुखणं निराळं: बहुतेक औषध पहिल्या काही तासांतच सुटून जातं. शिवाय लेन्स वापरणं हेच बुबुळाच्या संसर्गाचं एक मोठं कारण आहे. औषध सोडणाऱ्या लेन्सला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली, पण ती अॅलर्जीच्या खाजेसाठी, जंतुसंसर्गासाठी नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. उसाचं पाचट लागून किंवा भाताचं कुसळ जाऊन बुबुळावर जखम झाली, ती चिघळली आणि पांढरा ठिपका दिसू लागला, तर यातलं काहीही स्वतःहून निवडू नका. तिथे सुरुवातीलाच औषधाची भरपूर मात्रा लागते आणि ती तासातासाला घातलेल्या तीव्र थेंबांनीच मिळते. दोन औषधं असतील तर दिवसाला ४८ थेंब होतात. घरच्यांचे हाल होतात, हे मी मान्य करते. तरीही "जेल घालू, झोप तरी मिळेल" हा विचार इथे नको, कारण गेलेले दिवस बुबुळावर कायमचं फूल ठेवून जातात. शिवाय शेतातल्या जखमेत अनेकदा बुरशी असते. तिच्यावर जंतूंचं प्रतिजैविक चालत नाही, नॅटामायसिनसारखं वेगळं औषध लागतं. मग प्रतिजैविक कितीही वेळ टिकणाऱ्या पदार्थात घातलं तरी काय उपयोग? जखमेचा नमुना खरवडून तपासणं आधी. आणि स्टेरॉइड मिसळलेले थेंब दुकानातून परस्पर आणून घालणं तर मुळीच नाही.

टिकाऊ औषधाची आणखी एक बाजू क्वचितच सांगितली जाते. औषध हळूहळू सुटतं, तशी त्याची मात्रा शेवटी हळूहळूच उतरते. जंतू मरतील इतकी नाही, पण त्यांना औषधाची ओळख होईल इतकी मात्रा बराच वेळ राहिली, तर तगून राहिलेले जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून नवा पदार्थ बघताना "किती तास टिकतो?" एवढंच विचारू नये. त्या तासांपैकी किती तास औषध पुरेशा मात्रेत असतं, हेही डॉक्टरांना विचारावं.

साधे डोळे आले असतील, चिकट पू येत असेल आणि डॉक्टरांनी जंतूंचाच संसर्ग सांगितला असेल, तर दिवसा थेंब आणि रात्री मलम ही जोडी मला आजही सर्वांत व्यवहार्य वाटते. दोन्ही एकाच वेळी घालायचे असतील तर आधी थेंब, पाच-दहा मिनिटं थांबून मग मलम. उलट केलंत तर मलमाच्या थरावरून थेंब घसरून जातो.